शेवटच्या पंगतीला बसणारी बाई

दिंद्रुडात कुणाच्या घरी लग्न निघालं की मुलीचा बाप आधी तारीख पक्की करतो आणि मग दानम्माताईंच्या दुकानाची पायरी चढतो. दुकान भांड्यांचं. पुढच्या बाजूला विकायची नवी भांडी, मागच्या खोलीत लग्नाकार्याला भाड्यानं द्यायची पातेली, कढया, ताटं, तांबे. मुलीचा बाप सांगतो, पाचशे माणूस येईल. ताई पाचशे लिहीत नाहीत. त्या विचारतात, आवतन कोण देणार हाय? चुलतभाऊ मोटारसायकलवरून पत्रिका वाटणार असला तर त्या साडेतीनशे ताटं काढतात. मुलीचे आई-बाप स्वतः दारोदार जाणार असतील तर सातशे. वीस वर्षांत एकदाच ताटं कमी पडली, आणि तीसुद्धा एका पुढाऱ्याच्या चार गाड्या न सांगता आल्या म्हणून.

मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक. माजलगावच्या कॉलेजात सव्वीस वर्षं ‘मागणीचा अंदाज’ हा विषय शिकवतो आहे. माझ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात दीडशे माणसांचा स्वयंपाक उरला होता. दुसऱ्या दिवशी बायकोनं मला विचारलं, की तुम्ही पोरांना नेमकं काय शिकवता. मी चिडलो.

मी लवकर चिडतो, हे आधीच सांगून टाकतो. पण दानम्माताईंची गोष्ट सांगताना मला जो राग येतो तो माझ्या स्वभावाचा नाही, तो खरा आहे. ही बाई अंबाजोगाईला मावशीकडं राहून बी.कॉम. झाली, तीही पहिल्या वर्गात. सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात त्यांनी एम.बी.ए.ची जाहिरात वाचली, कुणाला न विचारता अर्ज केला, प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाल्या. पुण्याहून मुलाखतीचं पत्र आलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, अंबाजोगाईपर्यंत धाडलं तेच लई झालं, पुण्यात आपलं कोण हाय? खरंच कुणी नव्हतं. त्याच उन्हाळ्यात दिंद्रुडच्या बसवराजांशी लग्न झालं आणि ताई भांड्यांच्या दुकानात आल्या.

ताई वडिलांना बोल लावत नाहीत. बसवराजांना तर नाहीच. तो माणूस देवासारखा शांत आहे. मी मात्र बोल लावतो. वडिलांना नव्हे, आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांना. हुशार पोरं-पोरी गावोगाव जन्माला येतात आणि चांगली शाळा मात्र दोन-चार शहरांत उघडायची, मग म्हणायचं, खेड्यातून कुणी येतच नाही. माजलगावात धरणाचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, जिनिंग आलं, दूध डेअऱ्या, दवाखाने, शीतगृहं आली. हे सगळं चालवायला व्यवस्थापक लागतात. ते पुण्याहून येतात, सहा महिने उन्हाला शिव्या देतात आणि बदली करून घेतात. इथली माणसं त्यांच्या हाताखाली हिशेबनीस म्हणून राहतात.

दीड-दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका नावाजलेल्या संस्थेला हे उमगलं. नाव सांगत नाही, अजून त्यांच्याशी संबंध ठेवायचे आहेत. त्यांनी ठरवलं, लहान गावांत एम.बी.ए.ची केंद्रं काढायची. दर रविवारी वर्ग, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शिकवणारे अर्धे पुण्याचे आणि अर्धे इथले, पदवी मात्र तीच जी पुण्याच्या पोरांना मिळते. नोकरी-धंदा करणाऱ्या कुठल्याही पदवीधराला, कुठल्याही वयात प्रवेश. फी आमच्या भागाला झेपेल इतकी. आमच्या कॉलेजला केंद्र मिळालं आणि समन्वयक म्हणून मला नेमलं. अट एकच होती. निदान चाळीस विद्यार्थी पाहिजेत, आणि साठाच्या वर एकही नको.

मी झटून कामाला लागलो. बसस्टँडसमोर फ्लेक्स लावला, पत्रकं छापली, आमच्या कॉलेजातून पदवी घेतलेल्या आठशे जणांना मोबाइलवर संदेश पाठवले. दीडशे जणांनी ‘येतो’ म्हणून उत्तर दिलं. माहितीच्या रविवारी मी दीडशे खुर्च्या मांडल्या आणि पुण्याचे साहेब येणार म्हणून गळ्यात टायसुद्धा घातला.

सात माणसं आली. त्यातले दोघे आमचेच शिपाई, एक जण उन्हाचा आडोसा म्हणून बसलेला. पुण्याचे साहेब सभ्य होते. त्यांनी सातांसमोर पूर्ण भाषण केलं, चहा घेतला आणि गाडीत बसताना मला म्हणाले, की या भागात अजून या शिक्षणाची गरज निर्माण झालेली दिसत नाही. पंधरा दिवसांनी प्रवेशाचा रविवार आहे, तेव्हा चाळीस झाले नाहीत तर केंद्र दुसऱ्या जिल्ह्याला देऊ. मी गाडीचं दार जरा जोरात लावलं.

परत हॉलमध्ये आलो तर एक बाई खुर्च्या गोळा करत होत्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्याला दुकानाचं नाव छापलेली कापडी पिशवी. मी शिपायांवर ओरडलो, की पाहुण्यांना काम कशाला करू देता. बाई म्हणाल्या, राहू द्या सर, उचलायची सवय हाय. मग त्यांनी नाव-गाव सांगितलं आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गुणपत्रिका काढून दाखवली. तिच्याबरोबर एक जुनं पत्रही होतं. तेच, मुलाखतीचं. सत्तावीस वर्षं जपून ठेवलेलं.

मी त्यांच्यापाशी गाऱ्हाणं घातलं. दीडशे जण येतो म्हणाले आणि एकही आला नाही, ही माणसं सुधारायची नाहीत, असं बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सर, तुमी आवतन दिलं. बोलावणं कुनी केलं?”

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. पण नाही. आमच्याकडं आवतन म्हणजे नुसतं कळवणं. ऐकणारा ‘हो, येतो’ म्हणतो, कारण दारात आलेल्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही. पण त्या ‘येतो’वर कुणी उठत नाही. स्वयंपाक झाला की घरचं माणूस पुन्हा दारात येतं आणि म्हणतं, चला, पानं वाढली. हे बोलावणं. ते आल्याशिवाय माणूस उपाशी बसून राहील, पण आपणहून जाणार नाही. आपणहून जातो तो हावरा. मी याच मातीत वाढलो, लहानपणी कितीतरी घरी बोलावणं करायला मीच पळालेलो, आणि मोबाइलवर दीडशे ‘येतो’ वाचून खुर्च्या मांडून बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“मग तुम्ही कशा आलात?” मी विचारलं.

“मी हावरीच हाय सर ह्या बाबतीत,” त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझे नव्हते. दुपारचे तास संपले की ताई कॉलेजच्या फाटकाशी उभ्या असायच्या. दुकान बसवराज सांभाळायचे. माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या मला गावोगाव फिरवत होत्या, आणि कुणाकडं जायचं हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. लग्नाच्या निमित्तानं चाळीस गावांत त्यांची ताटं गेलेली, त्यामुळं कुणाच्या घरात शिकलेली सून बसून आहे, कुणाचा पोरगा कारखान्यात पावत्या फाडतो पण डोक्यानं तेज आहे, हे त्यांना ठाऊक. मी उमेदवाराशी बोलायला तोंड उघडलं की त्या मला खुणेनं गप्प करत. त्या सासूशी बोलत. रविवारी सून सकाळी किती वाजता निघेल, स्वयंपाकाचं काय, येताना कुणाच्या गाडीवर, हे सगळं सासूच्याच तोंडून ठरवून घेत. निघताना सासूच आम्हाला सांगायची, की आमच्या सुनेला ध्यान देऊन शिकवा.

अर्जुनरावांचं घर मी टाळत होतो. मोठे बागायतदार, पंचायत समितीतलं प्रस्थ, आणि आमच्या पत्रकावर त्यांचं नाव नव्हतं म्हणून आधीच फुगलेले. ताई म्हणाल्या, त्यांच्या घरी आधी जायचं, न्हाई तर त्या अंगाच्या पाच गावांतून कुनी हालणार न्हाई. गेलो. ताईंनी त्यांनाच सांगितलं की मालक, तुमी प्रवेश घ्या. अर्जुनराव गडगडून हसले. या वयात काय शिकू, म्हणाले. ताई म्हणाल्या, तुमच्या घरातनं एक तरी नाव पाहिजे, न्हाई तर लोक इचारतील, मालकाकडं कावून गेलं न्हाईत म्हणून. अर्जुनरावांचं हसू थांबलं. मग आतल्या दाराकडं पाहून म्हणाले, आमची सूनबाई हाय की, कृषीची पदवी हाय तिची. प्रियदर्शनी दाराआडच उभी होती. चहाचा ट्रे अजून तिच्या हातातच होता.

बाहेर आल्यावर मी ताईंना म्हणालो, की तुम्ही तर ठरवूनच आला होता. त्या म्हणाल्या, ट्रे दोनदा आत जाऊन बाहेर आला, तवाच कळलं की पोरीला यायचंय.

प्रवेशाच्या रविवारी पहाटे पाचला त्यांनी फोन सुरू केले. अंगद नावाचा दूध संकलन केंद्र चालवणारा तरुण त्यांनी आधीच गळाला लावला होता. तो दुधाच्या फेरीबरोबर दारोदार सांगत आला, चला, गाडी निघाली. दहाच्या सुमाराला कॉलेजच्या मैदानात टमटम, मोटारसायकली, एक ट्रॅक्टरसुद्धा. कारखान्यातले लिपिक, जिनिंगवरचा सुपरवायझर, बँकेचं काम गावात करणारी वनमाला, दवाखान्याचा स्वागत कक्ष सांभाळणारा, कृषी सेवा केंद्रवाले, डोक्यावर पदर घेतलेल्या सुना. मला भरून आलं, हे कबूल करतो. मी खिडकीकडं तोंड करून चष्मा पुसत उभा राहिलो.

अर्ज ऑनलाइन भरायचे होते. कॉलेजात चालू स्थितीतला संगणक एकच, माझ्या ऑफिसातला. एकेक माणूस येणार, कागद दाखवणार, मोबाइलवर आकडा येणार, तो सांगणार, मग नाव पक्कं. एका माणसाला पाच-सात मिनिटं. मी सुरुवातीलाच म्हणालो, “दानम्माताई, बसा. तुमचा पहिला अर्ज.”

“घरचं मानूस आधी बसतंय व्हय सर? आधी पाव्हणे.”

आणि त्या दारात उभ्या राहिल्या. कुणाची झेरॉक्स राहिली, कुणाच्या आधार कार्डावर नाव वेगळं, कुणाचं लेकरू रडतंय, सगळीकडं त्याच. बायका मागे सरकत होत्या तर त्यांना दंडाला धरून पुढं आणत होत्या. आमच्याकडची रीतच ती. ज्याच्या घरचं कार्य, तो शेवटच्या पंगतीला. पाहुणा उपाशी असताना यजमानानं पान मांडलं तर लोक वर्षभर नाव ठेवतात. ताईंच्या दृष्टीनं हे त्यांच्या घरचं कार्य होतं. दुपारी दोन वाजता मी पुन्हा म्हणालो, आता तरी भरा. तेव्हा एक पोरगी सिंदफणा नदीपलीकडच्या गावाहून दोन गाड्या बदलून नुकतीच आली होती. ताईंनी तिला खुर्चीवर बसवलं.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता. बावन्न झाले, पंचावन्न झाले, अठ्ठावन्न झाले, मला दिसत होतं. साठाची अट मलाच माहीत होती. ताईंना मी चाळीसच घोकून सांगितले होते, कारण साठ होतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. अठ्ठावन्नला मी हात थांबवायला पाहिजे होता. पण मी तेव्हा पुण्याच्या साहेबांना काय सुनवायचं याची वाक्यं जुळवत होतो. गरज निर्माण झालेली दिसत नाही म्हणे. त्या तंद्रीत मी एकोणसाठावा भरला आणि साठावाही. साठावा माणूस मित्राला सोडायला आला होता, गर्दी बघून त्यानंही कागद काढले.

सव्वाचार वाजता ऑफिस रिकामं झालं. ताईंनी हात-तोंड धुतलं, पदर सारखा केला, खुर्चीवर बसल्या आणि प्लास्टिकमधून गुणपत्रिका काढली. नाव, जन्मतारीख, पदवीचं वर्ष, सगळं त्यांनी स्वतः टाइप केलं, एका बोटानं, सावकाश. शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. या केंद्रावरील जागा पूर्ण झाल्या आहेत.

त्यांनी ते वाचलं आणि पुन्हा बटण दाबलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी काय बोललो ते आठवत नाही. मला फक्त एवढं आठवतं, की त्यांनी गुणपत्रिका परत गुंडाळताना प्लास्टिकची घडी तीनदा चुकली.

मी पुण्याला फोन केला. रविवार होता तरी केला. सोमवारी केला, मंगळवारी पत्र लिहिलं, बुधवारी भांडलो. हीच ती बाई जिच्यामुळं साठ झाले, असं कितीदा तरी सांगितलं. त्यांनी सहानुभूती दाखवली आणि सांगितलं, की संगणकप्रणाली एकसष्टावा अर्ज घेत नाही, पुढल्या वर्षी बघू. तो साठावा माणूस जागा सोडायला तयार झाला, पण जागा एकाची दुसऱ्याला देण्याची सोय नव्हती. सोडली असती तर नुसती रिकामी राहिली असती. मी दिंद्रुडला गेलो आणि बसवराजांसमोर ताईंना सांगितलं की चूक माझी आहे, आकडा मला दिसत होता. ताई म्हणाल्या, तुमी दोनदा बसा म्हनला होता सर, मीच बसले न्हाई. एवढं बोलून त्या आत गेल्या. बसवराजांनी मला पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, की ती त्या रात्री जेवली नव्हती.

पहिल्या वर्गाला मी हजेरी घेत होतो तर मागच्या बाकावर ताई. मी हजेरी पुढं वाचत राहिलो. नाव नसलेल्यानं वर्गात बसू नये असा नियम आहे, आणि समन्वयक म्हणून तो मला पाळायचा होता. मी पाळला नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. वर्षभर त्या आल्या. प्रत्येक गृहपाठ लिहिला, मी तपासला, गुण दिले, आणि ते गुण कुठंही नोंदले गेले नाहीत. परीक्षेच्या दिवशी सगळे आत गेले की त्या बाहेर पायरीवर बसायच्या आणि सुटल्यावर प्रश्नपत्रिका मागून घ्यायच्या. घरी जाऊन घड्याळ लावून सोडवायच्या. पुण्यात कंपनीत काम करणारी त्यांची लेक प्रणिता एकदा सुट्टीत आली होती, ती मला म्हणाली, “सर, आई कशासाठी करते हे सगळं?” मी म्हणालो, तिलाच विचार. तिनं विचारलंही असेल. मला कळलं नाही.

फेब्रुवारीत पुण्याहून तपासणीला एक बाई आल्या. त्या न सांगता आल्या आणि मागच्या दारानं वर्गात शिरल्या. नेमका तेव्हा माझा ‘मागणीचा अंदाज’ चालू होता आणि मी ताईंना फळ्यापाशी बोलावलं होतं. ताई सांगत होत्या, की पत्रिकेवरून ताटं मोजू नका, आवतन देणाऱ्याच्या पायातल्या चपलेवरून मोजा. चप्पल झिजली असेल तर माणसं येतील. वैशाखातल्या लग्नाला म्हातारी माणसं किती कमी धरायची, त्याच तिथीला शेजारच्या गावात लग्न असलं तर काय करायचं, अर्धा तास त्या बोलत होत्या. प्रियदर्शनी भराभर लिहून घेत होती. तपासणीच्या बाईंनी शेवटी टाळ्या वाजवल्या.

महिन्याभरात पत्र आलं. श्रीमती दानम्मा यांची केंद्राच्या मानद अतिथी व्याख्यात्या म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. सोबत ओळखपत्र. मी आनंदानं नाचायचा बाकी राहिलो. वर्गाला सांगितलं, शाल आणली, श्रीफळ आणलं, अर्जुनरावांना बोलावणं करून आणलं, हो, बोलावणं, मी आता शिकलो होतो. रविवारी सगळे जमले आणि मी पत्र मोठ्यानं वाचलं. आनंदाच्या भरात त्याची शेवटची ओळ मात्र मी वाचलीच नव्हती. शेवटची ओळ ताईंनी पत्र हातात घेऊन स्वतः वाचली. केंद्रावर अध्यापन करणाऱ्या व्यक्तीस त्याच केंद्रावर विद्यार्थी म्हणून प्रवेश घेता येणार नाही.

मी शाल उलगडून उभा होतो. त्यांनी पत्राची घडी केली.

“सर, ही शाल ठिवा.”

मला वाटलं संकोच वाटतोय. मी म्हणालो, घ्या हो, मानाची आहे.

“मानाचीच हाय. तेच म्हनते मी.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू जात होता. “माझ्या बापानं बी मान दिला मला. घरातली शिकलेली पोरगी म्हनून सगळ्यांना सांगत फिरला, पन पुण्याला धाडलं न्हाई. तुमी बी सत्कार करून मला बाजूला बसवाय निघालात. मला शिकवायचं न्हाई सर. मला शिकायचं हाय. परीक्षेला बसायचं हाय. नापास झाले तर नापास व्हायचं हाय.”

मी शालीची घडी घातली. अर्जुनरावांनी घसा खाकरला आणि म्हणाले, बाई बरोबर बोलली. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पत्र मी दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. पुण्याहून विचारणा आली, की त्यांना मान कमी वाटतो का. मी उत्तरात एकच ओळ लिहिली, की जास्त वाटतो.

यंदाच्या जूनमध्ये दुसऱ्या तुकडीचे प्रवेश होते. जागा पुन्हा साठच. पहिल्या वर्षाचं यश बघून या वेळी बोलावणं करायची फारशी गरज उरली नव्हती. सकाळी दहाला संगणक सुरू होणार, तर साडेआठपासून माझ्या ऑफिसपुढं रांग. शेजारच्या तालुक्यांतूनही माणसं आलेली. ताईंना पहिल्यापासून सगळं परत करायचं होतं. त्यांनी बोलावून आणलेले साठ जण आता त्यांच्यापुढं एक वर्ष होते. प्रियदर्शनी, अंगद, वनमाला, तिघंही मदतीला आले होते आणि त्यांनी ताईंना ओढूनच रांगेत सर्वांत पुढं उभं केलं होतं.

दहा वाजले. ताई खुर्चीवर बसल्या. नाव टाइप केलं, जन्मतारीख टाइप केली. तेवढ्यात मागून एक बाळंतीण पुढं आली. दीड महिन्याचं लेकरू तिच्या खांद्यावर किरकिरत होतं. तिनं कुणाकडं काही मागितलं नाही, नुसती भिंतीला टेकून उभी राहिली. ताईंनी वळून तिच्याकडं पाहिलं. त्यांचे हात कळफलकावरून उठले. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्यासुद्धा. मी ठरवलं होतं की या वेळी बोलायचं नाही, हे त्यांचं त्यांनी करायचं.

त्या खाली बसल्या.

“बाई, जरा दम धर,” त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या. “आधी माझं होऊ दे.”